तुपाशी, उपाशी आणि यकृत

शरीरातल्या स्निग्ध द्रव्यासाठी मराठीत दोन शब्द प्रामुख्याने वापरले जातात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत. 'मेद' हा संस्कृतातला, वैद्यांच्या ओठी राहिलेला, सप्तधातूंच्या मालिकेत मांसानंतर आणि अस्थीच्या आधी बसलेला भारदस्त शब्द. 'चरबी' फारसीतून आली आणि खाटकाच्या दुकानापासून तालमीपर्यंत सगळीकडे हिंडली. मेद वाढतो, चरबी चढते. 'त्याच्या अंगात चरबी आली आहे' या वाक्यात वजनाचा काही संबंध नसतो. ते उर्मटपणाविषयीचे वाक्य आहे आणि ती चरबी 'उतरवण्याची' भाषा त्याच्या पाठोपाठ येतेच. एका शब्दात देहाचे वर्णन आहे, दुसऱ्यात देहधारकाचा पंचनामा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोघांच्या शेजारी तिसरा शब्द राहायला आला, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. त्याला मराठी प्रतिशब्द रुळला नाही, पण क्रियापद मात्र आपण आपले दिले. रक्ततपासणीचा कागद हाती आला की घरातली माणसे म्हणतात, 'त्यांना कोलेस्टेरॉल निघालं.' मराठीत 'निघते' ते काय? झडतीत ऐवज निघतो, हिशेबात खोट निघते, मेलेल्या माणसाच्या नावावर कर्ज निघते. म्हणजे जे दडवून ठेवलेले होते, ते. शब्द परका राहिला, पण भाषेने त्याची राहण्याची सोय चरबीच्या घरात केली आणि त्या घरातली सगळी नैतिक सामग्री त्याला वापरायला दिली. ज्याला कोलेस्टेरॉल निघाले, त्याने ते खाल्लेले असणार. खाल्ले म्हणजे जिभेवर ताबा नसणार. आणि ताबा नाही म्हणजे पुढचे बोलायला नकोच.

वस्तुतः आपल्या शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. शरीर ते स्वतः तयार करते. यकृत हा त्याचा मोठा कारखाना खरा, पण जवळजवळ प्रत्येक पेशीला ते करता येते. प्रौढ माणसाचे शरीर दिवसाकाठी साधारण ७०० ते १,००० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल घडवते; आहारातून पोटात जाणारे त्याहून बरेच कमी, आणि त्यातलेही सगळे शोषले जात नाही. पेशीच्या आवरणाला, पित्ताला, कित्येक संप्रेरकांना ते लागते. शरीरातल्या एकूण साठ्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या मेंदूत असतो आणि मेंदू आपला वाटा रक्तातून न घेता स्वतःच तयार करतो. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' ही म्हण माणसाच्या हट्टाला लागू पडेल, यकृताला नाही. त्याचे कामच मुळी तुपाशी आणि उपाशी यांच्यामधले आहे: बाहेरून आले तर आपले उत्पादन आवरायचे, नाही आले तर वाढवायचे. हे ज्ञान माणसाला कसे झाले आणि ते आपल्या भाषेत का उतरले नाही, हा या लेखाचा विषय. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. रसायनशास्त्र आमचे नव्हे. परंतु या इतिहासात एका रूपकाच्या जागी दुसरे रूपक येते, आणि तेवढ्यापुरता त्यावर आमचाही हक्क आहे असे आम्ही समजतो.

कोलेस्टेरॉल प्रथम सापडले ते पित्ताशयातल्या खड्यांत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पुलतिये द ला साल याने ते वेगळे काढले, आणि पुढे १८१५ च्या सुमारास मिशेल शेव्हरल याने त्यावर नव्याने काम करून त्याला नाव दिले. ग्रीकमध्ये 'खोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरेओस' म्हणजे घन. घट्ट झालेले पित्त, एवढाच त्या नावाचा अर्थ. (हा शेव्हरल एकशेदोन वर्षे जगला. गोब्लँ येथील गालिचांच्या कारखान्यात रंगांवर देखरेख करताना त्याने शेजारशेजारच्या रंगांच्या परस्परपरिणामाचा जो सिद्धांत १८३९ मध्ये मांडला, त्याचा पुढे फ्रेंच चित्रकारांवर मोठा प्रभाव पडला. कलासमीक्षेच्या पुस्तकात भेटणारा शेव्हरल आणि हा शेव्हरल एकच, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.) नाव पित्तावरून पडले हे योगायोगाने उचितच झाले. कोलेस्टेरॉलच्या रेणूतली कड्यांची रचना मोडण्याची विद्या मानवी शरीराला अवगत नाही. ते जाळून ऊर्जा मिळवता येत नाही. शरीराबाहेर जाण्याची त्याची मोठी वाट एकच: यकृतातून पित्तात आणि पित्तातून आतड्यात. त्याही वाटेवरून पित्ताम्लांचा पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास भाग आतडे परत शोषून यकृताकडे धाडते. जे मोडता येत नाही आणि बाहेर टाकणे कठीण, ते किती घडवायचे याचा विचार आधी करावा लागतो. नियमनाची गरज येथून सुरू होते.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय आनिचकोव्ह आणि त्याचा सहकारी खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. सशांच्या रोहिण्यांच्या भिंतींवर पिवळसर थर चढले. या प्रयोगाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो ज्या चित्ररूपाने लोकमानसात शिरला, ते चित्र नळाचे होते: वरून तेलकट पदार्थ ओतला, खाली नळ तुंबला. उंदीर व कुत्रे यांना तसाच आहार दिला असता त्यांच्या रोहिण्यांना सहसा तसे काही होत नाही, ही गोष्ट त्या चित्रात मावली नाही. ससा हा जन्मजात तृणभक्षक. आहारातल्या कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावण्याची उंदराकडे असलेली सोय त्याच्याकडे नाही. म्हणजे अन्न तेच असून प्राण्यागणिक परिणाम वेगळा होतो. तेव्हा अन्न आणि रोहिणी यांच्यामध्ये कोणीतरी बसलेले आहे आणि ते काही निर्णय घेत आहे. हा निष्कर्ष हाताशी होता, तरी तो प्रत्यक्ष मांडायला आणखी वीस वर्षे लागली.

तो मांडणाऱ्या माणसाकडे आमचे लक्ष सर्वांत जास्त वेधले गेले. रुडॉल्फ शोएनहाइमर, जन्म १८९८, बर्लिन. फ्रायबुर्गमध्ये काम करीत असताना त्याने ब्रॉइश या सहकाऱ्याबरोबर उंदरांवर जो प्रयोग केला, तो स्वरूपाने जमाखर्चाचा होता. उंदरांच्या पोटात कोलेस्टेरॉल किती गेले, विष्ठेतून किती बाहेर पडले, आणि अखेरीस सबंध देहात किती शिल्लक होते, एवढेच मोजायचे. किराणा दुकानातला मुनीम याहून निराळे काय करतो? पण वही जुळेना. ज्या उंदरांना कोलेस्टेरॉल जवळपास दिलेच नव्हते, त्यांच्या देहात ते वाढले होते. जमेच्या बाजूला नसलेली रक्कम शिलकीत दिसत होती. आणि ज्यांना भरपूर दिले होते, त्यांच्या बाबतीत ही आतली निर्मिती जणू थांबली होती, उलट काही भाग नाहीसा झाला होता. १९३३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. शरीर कोलेस्टेरॉल घडवते, आणि बाहेरून मिळाले की हात आखडता घेते, हे दोन्ही त्या एका न जुळणाऱ्या वहीतून निघाले.

त्याच वर्षी जर्मनीत नाझींची सत्ता आली. ज्यूंना सरकारी पदांवरून दूर करणारा कायदा एप्रिलमध्ये झाला. शोएनहाइमर ज्यू होता. तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. तेथे हॅरल्ड युरीच्या प्रयोगशाळेतून आलेला डेव्हिड रिटेनबर्ग त्याला भेटला. युरीने १९३१ मध्ये जड हायड्रोजनचा शोध लावला होता. या जड अणूची खूण लावून एखादा रेणू शरीरात सोडला तर तो कोठे जातो, कशात मिसळतो याचा माग काढता येईल, ही कल्पना या दोघांनी राबवली. उंदरांना जड पाणी पाजून १९३७ मध्ये त्यांनी दाखवले की कोलेस्टेरॉल लहान लहान रेणू जोडत जोडत घडवले जाते. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच हाती आली. शरीरातली चरबी, प्रथिने, ज्यांना आपण स्थिर साठा समजत होतो, ती सगळीच अखंड मोडली आणि घडवली जात होती. तोवर देहाकडे इंजिनासारखे पाहिले जाई: यंत्राचे धड कायम, त्यात इंधन जळते, झीज झाली की थोडी डागडुजी. शोएनहाइमरच्या प्रयोगांनी इंधन आणि यंत्र हा भेदच पुसून टाकला. आज खाल्लेला घास उद्या यंत्राचा भाग असतो आणि कालचे यंत्र आज इंधन होते. त्याच्या व्याख्यानांचे पुस्तक १९४२ मध्ये आले, त्याचा विषयच शरीरघटकांची गतिमान अवस्था हा होता. ते पाहायला लेखक उरला नव्हता. ११ सप्टेंबर १९४१ रोजी त्याने विष घेऊन आयुष्य संपवले होते. त्याची व्याख्याने त्याच्या माघारी दुसऱ्यांनी वाचली.

त्याच विभागात जर्मनीतून आलेला आणखी एक निर्वासित काम करीत होता, कॉनरॅड ब्लॉख. कोलेस्टेरॉलच्या रेणूतले सत्तावीसच्या सत्तावीस कार्बन अणू ॲसिटेट या अगदी साध्या, दोन कार्बनच्या तुकड्यातून येतात हे त्याच्या वाटेने सिद्ध झाले. पायऱ्या तीसच्या आसपास. ब्लॉख आणि फेओडोर लायनेन यांना १९६४ चे नोबेल मिळाले. दरम्यान १९५० च्या सुमारास गूल्ड आदी संशोधकांनी दाखवले की आहारात कोलेस्टेरॉल दिल्यास कुत्र्याच्या यकृतातली निर्मिती मंदावते, आणि पुढे त्या तीस पायऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर हात ठेवला जातो तेही कळले. त्या पायरीवरच्या विकराचे नाव लांबलचक आहे, आपण त्याला रिडक्टेज म्हणू.

इकडे मराठी स्वयंपाकघरात काय चालले होते? १९३७ साली डालडा आला. मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना होता. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात आहे. रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावत. साजुक तुपाची ऐपत नसलेल्या घरांना सणाच्या दिवशी तुपाचा आभास देणारी ती वस्तू होती आणि भाषेने तिला त्याबद्दल क्षमा केली नाही. बनावटीला 'डालडा' म्हणायची रीत पडली. वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल नावालाही नसते. पण तेल गोठवण्यासाठी त्यात हायड्रोजन घालताना जी ट्रान्स मेदाम्ले तयार होतात, ती रक्तातले वाईट समजले जाणारे एलडीएल वाढवतात आणि चांगले समजले जाणारे एचडीएल कमी करतात, असे १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवले. भारतात खाद्यतेले व वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदाची कमाल मर्यादा २ टक्क्यांवर आली ती २०२२ साली. ज्यात कोलेस्टेरॉल नाही असा पदार्थ खाऊन रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते, ही गोष्ट नळाच्या रूपकात बसवून पाहावी. बसत नाही. नियमनाच्या भाषेत ती सरळ आहे: अन्न शरीराला माल पुरवते तसा हुकूमही पुरवते. तुपातली संपृक्त मेदाम्लेही मुख्यतः याच रीतीने काम करतात. तुपातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तुपाने यकृताला दिलेला निरोप अधिक महत्त्वाचा. आणि शेंगदाण्याच्या वा सूर्यफुलाच्या तेलावर 'कोलेस्टेरॉल-मुक्त' असे ठळक छापणे म्हणजे सशाला शिंगे नाहीत अशी त्याच्या गळ्यात पाटी अडकवणे. वनस्पतीच्या तेलात ते कधी नव्हतेच.

याच काळातला मुंबईचा एक अभ्यास येथे आठवतो. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये एक निबंध लिहिला. रेल्वे हा त्यांच्यासाठी तयार नमुना होता: एकच नोकरी, नोंदींची एकच पद्धत, आणि पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतची माणसे. त्यांना आढळले की हृद्रोगाने होणारे मृत्यू उत्तरेपेक्षा दक्षिणेत सातपट होते, आणि उत्तरेतली माणसे स्निग्ध पदार्थ मात्र कितीतरी पट जास्त खात होती, तेही बहुतांशी दुधातुपाचे. मृत्यूच्या दाखल्यांवर विसंबलेल्या अशा अभ्यासाला मर्यादा असतात आणि त्यावरून 'तूप निर्दोष' असा निकाल काढणे हा उतावळेपणा होय. तसा तो आजही काढला जातो, हे वेगळे. आम्हांला त्यात महत्त्वाचे वाटते ते इतकेच की ताट पाहून रोहिणी सांगता येत नाही, हे एका भारतीय डॉक्टराने आकड्यांनिशी पुढे ठेवले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३; शरीरातला मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. अंगावर दिसणाऱ्या चरबीवरून माणसाची परीक्षा करणाऱ्या आपल्या वाक्प्रचाराला त्या एका छायाचित्राइतके चोख उत्तर क्वचितच मिळाले असेल.

पेशीला कळते कसे, हा प्रश्न अजून उरला होता. शोएनहाइमरने हात आखडता घेतलेला पाहिला, पण हात कोणाचा आणि डोळे कोठे, ते ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर डल्लासमधल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन तरुण डॉक्टरांना मिळाले, आणि ते मिळाले लहान मुलांच्या आजारातून. काही मुलांच्या रक्तात जन्मापासूनच कोलेस्टेरॉल सामान्याच्या सहापट-आठपट असते. त्वचेवर, टाचेच्या शिरेवर पिवळ्या गाठी येतात आणि शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका येतो. अशा मुलांना कोणते पथ्य सांगणार? तूप कधी मनसोक्त खाण्याइतके त्यांचे वयच झालेले नसते.

१९७३-७४ मध्ये या दोघांनी अशा रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल दिले की रिडक्टेज थंडावे. रुग्णांच्या पेशींत ते चाळीस ते साठपट जोराने चालू होते आणि एलडीएल कितीही दिले तरी थांबत नव्हते. यंत्र बिघडले होते काय? त्यांनी कोलेस्टेरॉल मद्यार्कात विरघळवून थेट पेशीत शिरेल असे दिले. रिडक्टेज तत्काळ थंडावले. म्हणजे थांबण्याचा हुकूम ऐकण्याची शक्ती शाबूत होती. हुकूम आत पोहोचतच नव्हता. पेशीच्या आवरणावर एलडीएल धरून आत घेणारे प्रथिन, ज्याला आपण ग्राही म्हणतो, तेच त्या मुलांत नव्हते. बाहेर रक्तात पूर आणि आत पेशी तहानलेली. तहानलेली म्हणून आणखी घडवणारी. १९८५ चे नोबेल या शोधाला मिळाले. आदल्याच वर्षी, १९८४ मध्ये, टेक्सासमधल्या स्टॉर्मी जोन्स या सहा वर्षांच्या मुलीवर हृदय आणि यकृत या दोन्हींचे एकाच वेळी प्रत्यारोपण झाले होते. दुसऱ्याच्या यकृतातले ग्राही मिळताच तिचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले. ती १९९० पर्यंत जगली.

पुढे १९९३ नंतर आतले डोळेही सापडले, आणि ते समजून घ्यायला नाशिककरांना दूर जावे लागत नाही. पैठणच्या जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या, म्हणजे नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा आदेश महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिला. त्यावरून गंगापूर आणि दारणेच्या काठी झालेली आंदोलने आमच्या शहराने पाहिली आहेत. दीडदोनशे किलोमीटर दूर एका ठिकाणी पातळी मोजायची आणि तिच्यावरून वरच्या दरवाज्यांचा निर्णय करायचा, अशी ती योजना. पेशीतली व्यवस्था याच जातीची आहे. पेशीतले सगळे कोलेस्टेरॉल मोजले जात नाही. मोजले जाते ते आतल्या एका पातळ पडद्यात, जेथे एकूण साठ्याचा अगदी किरकोळ अंश असतो. तेथे त्याचे प्रमाण पडद्यातल्या स्निग्ध रेणूंच्या सुमारे ५ टक्क्यांखाली गेले की पडद्याला बांधून ठेवलेले एक प्रथिन सुटते, दोनदा कातरले जाते आणि केंद्रकात जाऊन एकाच वेळी दोन फर्माने काढते: उत्पादन वाढवा, आणि दारावरचे ग्राहीही वाढवा. पातळी चढली की ते प्रथिन पुन्हा जखडले जाते. (जायकवाडीच्या बाबतीत यानंतर उच्च न्यायालय येते, पेशीत ती सोय नाही.)

त्या प्राधिकरणाच्या नावात 'नियमन' हा शब्द आहे आणि तो नेमका आहे. दवाखान्यात मात्र आपल्याला सांगतात, 'कोलेस्टेरॉल कंट्रोलमध्ये ठेवा.' नियंत्रण बाहेरून होते, त्यात कोणीतरी हुकूम सोडणारा आणि कोणीतरी दबणारा असतो. नियमनात ज्याचे मोजायचे तोच मोजणाऱ्याला बदलत असतो. दोन्ही शब्द 'यम्' धातूचेच, पण एकात पोलीस आहे आणि दुसऱ्यात गृहिणी.

औषधाचा इतिहासही हाच भेद दाखवतो. जपानमध्ये अकिरा एन्दो याने हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये एका निळसर-हिरव्या पेनिसिलियम बुरशीतून रिडक्टेजला अडवणारे द्रव्य मिळवले. ते उंदरांना दिले तर त्यांचे कोलेस्टेरॉल मुळीच उतरेना, कारण अडवणूक झाल्याबरोबर उंदराचे यकृत रिडक्टेजच भरमसाट वाढवी. औषध तेथेच बाद व्हायचे. कोंबड्यांवर ते चालले म्हणून वाचले. याच कुळातले पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. ते माणसात काम करते त्याची रीत मोठी मौजेची आहे. कारखान्याला टाळे लागते, पेशीला टंचाई जाणवते, म्हणून ती दारावरचे ग्राही वाढवते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. म्हणजे रक्त निवळते ते गोळीमुळे जितके, तितकेच गोळीला शरीराने दिलेल्या उत्तरामुळे. ज्या मुलांना ग्राहीच नाहीत, त्यांना ही गोळी म्हणूनच फारशी उपयोगी पडत नाही.

आता आपल्याकडच्या जुन्या शब्दाकडे. आमच्या शहरात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद यांच्या परीक्षा एकाच छताखाली होतात. 'मेदोरोग' आणि 'कोलेस्टेरॉल' यांची उत्तरे लिहिणारी मुले एकाच विद्यापीठाची. तेव्हा दोन्ही भाषा एकमेकींत परस्पर उतरवण्याचा मोह होतो, तो टाळावा. चरकाच्या सूत्रस्थानात अतिस्थूलाची गणना आठ निंदितांत केली आहे. अध्यायाच्या नावातच निंदा आहे. पण तेथेच स्थौल्याच्या कारणांत गोड-स्निग्ध खाणे, दिवसा झोपणे, व्यायाम न करणे यांच्या रांगेत 'बीजस्वभाव'ही मोजला आहे, आणि वाढलेला मेद वाटा अडवतो, त्याने कोंडलेला वायू अग्नीला फुंकर घालतो, भूक भडकते आणि मेद आणखी वाढतो, असे स्वतःभोवती फिरणारे चक्रही सांगितले आहे. हे कोलेस्टेरॉलचे ज्ञान नव्हे. पण देहाला भांडे न समजता व्यवहार समजणारी ही दृष्टी आहे, आणि आपल्या बोलीने त्या अध्यायातून निंदा तेवढी उचलली, बीज आणि चक्र मागे ठेवले.

गुग्गुळाची कथा त्याच प्रदेशातली. बनारस हिंदू विद्यापीठात सी. जी. सत्यवती यांनी सुश्रुतातल्या मेदविचारावरून प्रेरणा घेऊन १९६६ मध्ये गुग्गुळावर प्रबंध लिहिला. पुढे त्यापासून देशात औषध निघाले. २००२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की गुग्गुळातले द्रव्य यकृतातल्या पित्ताम्ले ओळखणाऱ्या एका नियामक प्रथिनाला अडवते. म्हणजे ते थेट नियमनाच्या कळीवर बोट ठेवते. येथवर कथा गौरवाची आहे. २००३ मध्ये अमेरिकेतच झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी थोडे वाढलेले आढळले. पहिली बातमी आपल्याकडे आवडीने सांगितली जाते आणि दुसरी सांगितली जात नाही. कळ सापडणे आणि ती कोणत्या बाजूला फिरेल हे कळणे या दोन गोष्टी आहेत, एवढे उंदीर-कोंबडीच्या कथेवरूनही समजते.

या सगळ्याचा दुसऱ्या बाजूनेही गैरवापर होतो. शरीर स्वतःच घडवते म्हटल्यावर 'मग खाण्याने काय होते' असे म्हणणारे निघतात. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेने २०१५ च्या आवृत्तीत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा वगळली, तिचा आधार ते घेतात. संपृक्त मेदावरची मर्यादा त्याच मार्गदर्शिकेत कायम राहिली, हे सोडून देतात. 'पथ्य' हा शब्द 'पथ' पासून आला, वाटेला अनुकूल ते पथ्य. ज्याची वाट मोकळी आहे त्याने ती तुंबवू नये यासाठी पथ्य आहेच. पण ज्याच्या वाटेवर दारच बसवलेले नाही, त्याला पथ्य मोडल्याचा ठपका कसा लावणार?

आणि अशी माणसे विरळ नाहीत. दोन्ही जनुके सदोष असलेली मुले लाखांत एखादेच, पण एक सदोष जनुक घेऊन जगणारी माणसे साधारण अडीचशे-तीनशेंत एक असतात, असा आताचा अंदाज आहे. एखाद्या मध्यम महाविद्यालयात दहाबारा विद्यार्थी. त्यांचे ग्राही निम्मे असतात, रक्तातले एलडीएल दुपटीच्या आसपास, आणि उपचार न झाल्यास पन्नाशीच्या आत हृदयाचा धोका. वेळीच कळले तर औषधांनी ते पुष्कळ अंशी टळते. कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे घराण्याची चौकशी: एकाला आढळले की आईबाप, भावंडे, मुले यांची तपासणी. डॉक्टर विचारतात, घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेले आहे का? मराठी कुटुंब या प्रश्नाला क्वचितच वयाने उत्तर देते. ते म्हणते, काका गेले हो, पण सुपारीचंही व्यसन नव्हतं त्यांना; रोज पहाटे फिरायला जायचे, तूप तर चमच्यानं मोजून घ्यायचे. मृत माणसाच्या चारित्र्याचा तो दाखला असतो, कारण प्रश्नात आरोप दडला आहे अशी आपली समजूत. डॉक्टरला त्यातले काही नको असते. काका किती वर्षांचे होते, एवढेच पुन्हा विचारावे लागते.